डाव्या काठातला धागा

जागेश्वर जन्मला त्या दिवशी त्याच्या बापाच्या हातून एक धागा चुकला, आणि ती चूक पुढं पंचेचाळीस वर्षं माहूरच्या यात्रेत लुगड्याच्या भावानं विकली गेली.

झालं असं. नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, पंचवीस-तीस घरं होती. त्यातल्या एका घरात बाप मागापाशी बसून नव्या फणीत ताणा, म्हणजे उभं सूत, ओवत होता. काठावर चिंचेची पानं उठवायची होती. कोणता धागा फणीच्या कोणत्या फासातून जातो, त्यावर नक्षी ठरते. त्यामुळं ओवणीच्या वेळी घरात कोणी मोठ्यानं बोलायचंही नाही. नेमकं तेव्हाच आतून सुईणीनं पोरगा झाल्याचं सांगितलं आणि बापाची बोटं एक फास सोडून पुढच्यात गेली. लक्षात आलं तोवर हातभर कापड विणून झालं होतं. उजव्या काठातली पानं धड, डाव्या काठातल्या प्रत्येक पानाचं टोक मात्र एका धाग्यानं तुटकं. उसवून परत ओवायला दोन दिवस लागले असते. बापानं ते केलं नाही. पुढं पोरगा कळता झाल्यावर तो सांगायचा, ते टोक तुह्या नावानं तुटलं, राहू दे तसंच.

आणि ते राहिलं, कारण कोष्ट्याच्या घरी फणी रिकामी करत नाहीत. लुगडं विणून झालं की जुना ताणा कापायचा, पण वीतभर टोकं फणीत तशीच ठेवायची. नवा ताणा आला की घरची बाई एकेका टोकाला एकेक नवा धागा गाठीनं जोडते. दोन हजारांवर गाठी होतात. मग सगळं फणीतून हळूच पुढं ओढलं की जुनी ओवण नव्या सुताला जशीच्या तशी मिळते. फणी रिकामी होते ती विणणारा जगातून गेला आणि मागं कोणी उरलं नाही तर. जागेश्वरच्या आईनं गाठी मारल्या, तिच्यामागून त्याची बायको गोदूबाईनं. गोदूबाई तोंडानं अख्ख्या मोहल्ल्याची खबर सांगायची आणि बोटं गाठी मारत राहायची. तिची एक गाठ सुटलेली जागेश्वरनं कधी पाहिली नाही.

ही चिंचपानी लुगडी नागपुरात फारशी खपत नसत. ती माहूरसाठी विणायची. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते. देवीला लुगडं नेसवण्याचे नवस असतात, आणि त्या निमित्तानं बायका स्वतःसाठीही एक घेतात. जागेश्वर गठ्ठा बांधून वर्धा, यवतमाळ करत आर्णीपर्यंत पोचायचा, तिथून बैलबंडीनं पैनगंगेच्या काठावर, आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे. पलीकडचं राज्य निजामाचं होतं, पण ते आठवायचं कारण पडत नसे. नाक्यावरचा शिपाई गठ्ठ्याला हात लावायचा, आपला हक्काचा पैसा घ्यायचा आणि पुन्हा पेंगायला लागायचा. वर देवीच्या पायऱ्यांशी कुंकवाचं दुकान मांडून बसणाऱ्या रुख्माबाईच्या शेजारी जागेश्वरची जागा ठरलेली होती. गिऱ्हाइकं यायची ती 'तुटक्या पानाचं दाखवा' म्हणत. बापाची चूक म्हणजे अस्सल मालाची खूण होऊन बसली होती. एखादी नवखी बाई काठात खोट आहे म्हणून कुरकुरली, तर जागेश्वरच्या आधी रुख्माबाईच तिला झाडायची.

स्वराज्य आलं आणि वर्षाच्या आत ती नदी मोठी झाली. निजाम हिंदुस्थानात यायला तयार नव्हता. दिल्लीत आणि हैदराबादेत कागद फिरत होते. इकडं पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बंदुका उभ्या राहिल्या. रझाकारांच्या भीतीनं पलीकडची माणसं घरदार सोडून यवतमाळकडं येऊ लागली. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात नाके बंद झाले. मीठ, रॉकेल, लोखंड, कापड, काही म्हणता काही पलीकडं जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. यात्रेकरूही नाही. माहूरच्या देवीला जायचं तर परदेशी जाण्यासारखी परवानगी लागणार, आणि ती मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचायत बोलावली भैयाजीनं. भैयाजी कोष्ट्यांचा पंच. सरकारी कंट्रोलचं सूत त्याच्या हातून वाटलं जायचं, त्यामुळं त्याचा शब्द खाली पडत नसे. तसा माणूस गोड होता. जागेश्वरचा बाप गेला तेव्हा तिरडीला खांदा देणारा तो पहिला होता. जागेश्वर त्याला बापाच्या जागी मानायचा, आणि हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण परक्या माणसानं केलेलं माणूस विसरतो.

भैयाजी म्हणाला की मोहल्ल्यातली अकरा घरं नदीपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी विणतात. एक लुगडं जरी तिकडं सापडलं तर सरकार सगळ्यांचं सूत तोडेल. म्हणून अकराही जणांनी शपथ घ्यायची, आणि नुसत्या शपथेवर भागणार नाही, पलीकडच्या नक्षीच्या फण्या मागावरून उतरवून पंचायतीच्या देवघरात ठेवायच्या. मामला मिटला की ज्याची त्याला परत.

देवघरापुढं भैयाजीनं दोन्ही हातांत आडवं सूत फिरवणारा धोटा धरला. कोष्ट्याची शपथ धोट्यावर हात ठेवून होते. तो धोटा खोट्यानं शिवला तर हाताला विणणं राहत नाही असं मानतात. दहा जणांनी हात ठेवले ते सुताच्या भीतीनं. जागेश्वरनं ठेवला तो मनापासून. स्वराज्यानं त्याच्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आजवर त्यानं मिरवणुका पाहिल्या होत्या, झेंड्याला हात जोडले होते, पण देशाला देण्यासारखं आपल्याकडं काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता होतं. घरी येऊन त्यानं ताणा कापला, वीतभर टोकांसकट फणी काढली आणि धुतल्या धोतरात गुंडाळली.

गोदूबाई चुलीपाशी बसून पाहत होती. "तुमच्या माय-बापाचं सूत हाय त्याच्यात," ती म्हणाली. "देवघरात ठेवाले गेले, पर किल्ली कोनापाशी राहील?"

किल्ली भैयाजीपाशी राहणार होती. जागेश्वरला तो प्रश्नच बाईमाणसाचा वाटला.

तो उन्हाळा आणि पावसाळा त्यानं जाडेभरडे पंचे विणून काढला. पंच्यात ना काठ ना पदर, चांगल्या विणकराला त्याची लाज वाटावी असं ते काम. सूत कमी येई. शेजारचे कुरकुरत. जागेश्वर कुरकुरला नाही. कोणी माहूरची आठवण काढली की तो मान ताठ करून सांगायचा, आपण धागा जाऊ देणार नाही. हे ऐकायला भैयाजी असला तर पाठ थोपटायचा आणि त्या दिवशी जागेश्वरला जेवण गोड लागायचं.

भाद्रपदात फौज शिरली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. निजामाचं राज्य हिंदुस्थानात आलं, नाके उठले. जागेश्वर नारळ घेऊन भैयाजीकडं फणी मागायला गेला. भैयाजी म्हणाला की अजून वरून कागद यायचा आहे, कागदाशिवाय देवघर उघडलं तर बट्टा लागेल, इतके दिवस कळ काढलीस तशी आणखी थोडी काढ. दसरा गेला, दिवाळी गेली. कागद आला नाही. मार्गशीर्षात यात्रा आली तेव्हा जागेश्वरनं ठरवलं की रिकाम्या हातानं का होईना, जागेवर जाऊन बसायचं, नाही तर जागा जाईल. आदल्या वर्षीची उरलेली दोन लुगडी आणि पंच्यांचा गठ्ठा घेऊन तो निघाला.

पैनगंगेवर शिपाई पेंगत नव्हता, शिपाईच नव्हता. जागेश्वरला फार बरं वाटलं. पाण्यातून जाताना त्याला उगाच वाटलं की ही नदी आपण थोडीफार सोडवली.

पायऱ्यांशी रुख्माबाई होती. वाळली होती, केस पांढरे झाले होते. तिनं त्याला लांबूनच ओळखलं आणि दुकान सोडून उठून आली. तिच्या अंगावर कोरं, हिरवं, चिंचपानी लुगडं होतं.

जागेश्वर तिच्या तोंडाकडं न पाहता काठाकडं पाहत राहिला. त्यानं रीतभात सोडून खाली वाकून डावा काठ बोटात धरला. प्रत्येक पानाचं टोक तुटकं होतं. चिंचपान कोणीही विणेल, पण चुकीची नक्कल कोणी करत नाही. हे त्याच्या फणीतून निघालेलं कापड होतं, आणि ते त्यानं विणलेलं नव्हतं.

रुख्माबाईला वाटलं, तो आपला माल अंगावर पाहून हरखला. ती भडाभडा बोलू लागली. नाके लागल्यापासून काय हाल झाले ते सांगू लागली. मिठाविना कण्या खाल्ल्या, दिव्याला तेल नाही, दोन जावांनी एक लुगडं आळीपाळीनं नेसून दिवस काढले, एक बाहेर गेली की दुसरी घरात बसायची. आषाढात तुमच्या मोहल्ल्यातल्या भैयाजीचा म्हणून एक माणूस जंगलवाटेनं गठ्ठा घेऊन आला. दुप्पट पडलं, पण मिळालं.

"पानं पाह्यली अन् मले रडूच फुटलं," ती म्हणाली. "मनात म्हनलं, सगळ्यांनी टाकलं, पर जागेश्वरभाऊनं आठोन ठेवली. पयलं देवीले नेसोलं, तुमच्या नावानं."

गप्प बसता आलं असतं. पुढं कितीदा तरी त्याला वाटलं की गप्प बसायला हवं होतं. हूं म्हटलं असतं तर जागा राहिली असती, गिऱ्हाईक राहिलं असतं, देवीपुढं घेतलेलं नावही राहिलं असतं. पण सहा महिने ज्या गोष्टीच्या जोरावर तो ताठ चालला होता, ती एका हूंमध्ये घालवणं त्याला जमलं नाही.

"मी नाही पाठोलं, बाई," तो म्हणाला. "तुमच्याकडे धागा येऊ नये म्हनून मी धोट्यावर हात ठेवला होता."

रुख्माबाईला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, देशासाठी म्हणून सांगितलं, फणी कशी दिली तेही सांगितलं. तिनं पदर आवरून घेतला.

"आमच्यावर काहून?" तिनं विचारलं. "आम्ही का रझाकार होतो?"

जागेश्वरला पंचायतीत हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. निजाम म्हणताना त्याच्या डोळ्यापुढं एक मोठा मुकुट यायचा. दोन जावांचं एक लुगडं आलं नव्हतं.

"त्या भैयाजीनं चोरून आनलं," रुख्माबाई दुकानाकडं वळता वळता म्हणाली, "पर आनलं तं." त्यानंतर यात्रा संपेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचे पंचे कोणी घेतले नाहीत.

नागपूरला उतरून तो घरी न जाता थेट भैयाजीच्या ओट्यावर गेला. भैयाजी सुपारी कातरत बसला होता. जागेश्वरनं जे पाहिलं ते सांगितलं. त्याला वाटलं होतं की भैयाजी नाकारेल, निदान रागावेल. भैयाजीनं सुपारी तोंडात टाकली आणि त्याला बसायला जागा करून दिली.

"शपथ तुमी घेतली होती, भैयाजी," जागेश्वर म्हणाला.

"शपथ तू घेतली," भैयाजी म्हणाला. "मी तं धोटा धरून राहिलो होतो. धरनाराची शपथ नसते, गा." मग आवाज चढू न देता त्यानं पुढचंही समजावलं. जागेश्वरनं पोलिसात जावं, खुशाल जावं. पोलीस विचारतील लुगडं कोणाच्या फणीतलं, आणि फणी तर जगाला माहीत आहे कोणाची. शिवाय मोहल्ल्याचं सूत तुटेल, पोरंबाळं उपाशी मरतील, ते पाप कोणाच्या माथी? सगळं तो मायेनं बोलला, धाकट्या भावाला बोलावं तसं. जागेश्वरला त्या मायेची किळस आली. या माणसानं आपल्या बापाला खांदा दिला होता, हे त्याला तिथं बसल्या बसल्या सारखं आठवत होतं.

पंधरा दिवसांनी कागद आला म्हणे. पंचायत भरली, देवघर उघडलं, अकरा फण्या अकरा जणांना परत दिल्या. कठीण काळात समाजाला डाग लागू दिला नाही म्हणून भैयाजीला शेला आणि श्रीफळ देण्यात आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागेश्वरही उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तोंडही उघडलं नाही, आणि हे दुसरं त्याला पहिल्यापेक्षा जास्त डाचत राहिलं.

गोदूबाईनं धोतराची गुंडाळी सोडली. फणी तीच होती. पण त्यातली वीतभर टोकं दिली तेव्हासारखी पांढरी नव्हती, हिरवी होती, गिरणीच्या चांगल्या पिळाच्या सुताची. तिनं चार टोकं चिमटीत धरून उलटीसुलटी पाहिली.

"हे आपलं सूत नोहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोन्या बाईच्या गाठी हायेत याच्यात." आणि मग इतकंच, "याले मी गाठ मारनार नाही."

त्यानं तिला आग्रह केला नाही. फणी आढ्याला टांगली गेली. दोन वर्षं त्यानं पंचे विणले, मग मागाखालचा पाय सोडून बसायचा खड्डा बुजवला आणि गिरणीत लागला. भोंग्यावर जायचं, भोंग्यावर यायचं. माहूरला भैयाजीचा माणूस जाऊ लागला, रुख्माबाईच्या शेजारच्या जागेवर बसू लागला. भैयाजीनं फणी परत देण्याआधी तिच्यावरून स्वतःसाठी दुसरी ओवून घेतली होती, धाग्याला धागा लावून, चुकीसकट. गिऱ्हाईक आता 'भैयाजी काठ' मागायचं.

एकोणसाठच्या हिवाळ्यात मोहल्ल्यात बातमी आली की भैयाजी काठ विलायतेला निघाला. देशात येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसाठी आणि बाहेरच्या प्रदर्शनांसाठी सरकार हातमागाचे नमुने गोळा करत होतं. परदेशांशी स्नेह वाढवायचा होता आणि त्यांचा पैसाही यायला हवा होता. सिव्हिल लाइन्सकडच्या एका कचेरीत नमुने मांडले होते. अकरा वर्षांत जागेश्वर या विषयावर कोणाशी बोलला नव्हता. गिरणीत त्याला निजाम कोण हे विचारणारी पोरं कामाला आली होती. त्या दिवशी गोदूबाईनं काही न म्हणता आढ्याची फणी उतरवली, धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिली. तो खाडा करून गेला.

कचेरीतला साहेब तरुण होता, आणि भला होता. त्यानं जागेश्वरला खुर्ची दिली. भिंतीवर लुगडं लावलं होतं, खाली पाटी होती, आणि पाटीवर भैयाजीचं पूर्ण नाव होतं. जागेश्वरनं फणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, बापाची ओवणी, स्वतःचा जन्म, डाव्या काठातला धागा. पंचायतीचं मात्र सांगितलं नाही. सुताची भीती त्याच्या हाडात अजून होती.

साहेबानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. फणीतले फास मोजले आणि मान हलवली. म्हणाला, खरं आहे, भैयाजींच्या मूळ नमुन्यातला दोष यातही आहे. मग त्यानं आपली अडचण सांगितली. नाव बदलायचं तर समाजाच्या पंचाचं पत्र लागेल. पंच अजून भैयाजीच होता.

"नाव राहू द्या, साहेब," जागेश्वर म्हणाला. "धागा तेवढा पाहा. तुटकं टोक पाह्यलं की ज्याले समजाचं त्याले समजते."

साहेब जरा अवघडला. त्यानं कपाटातून चौकटींचा एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर चिंचपानी काठ टिंबाटिंबांनी उतरवला होता. बाहेर पाठवायचा माल निर्दोष लागतो, तो म्हणाला, म्हणून कागदावर घेतानाच आम्ही ती चूक काढून टाकली. भैयाजींचीही हरकत नव्हती. आता सगळीकडं याच कागदावरून विणतील.

जागेश्वर उठून भिंतीपाशी गेला. त्यानं चष्मा पुसला आणि डावा काठ बोटात धरला. पहिलं पान पुरं होतं. दुसरं पुरं होतं. तो पदरापर्यंत सरकत गेला, एकही टोक तुटकं नव्हतं.

घरी गोदूबाई वाट पाहत होती. काय म्हणाले, तिनं विचारलं.

"बापाची चूक सरकारनं दुरुस्त केली," तो म्हणाला.

तिला काय समजायचं ते समजलं. ती पाणी आणायला उठली. जागेश्वरनं फणी मांडीवर घेतली आणि डाव्या बाजूचे फास अंगठ्यानं एकेक करत मोजत गेला. बापानं सोडलेल्या त्या रिकाम्या फासापाशी अंगठा आला आणि तिथंच थांबला.